भरपाई आयुक्ताची खुर्ची



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्याचा मोठा भाग अपघातग्रस्त कामगारांचे आणि त्यांच्या वारसांचे दावे चालवण्यात घालवला. म्हणून आजचा विषय मला वेगळा शोधावा लागला नाही. कामावर असताना कामगाराचा हात गेला, डोळा गेला, जीव गेला, तर भरपाई किती आणि ती कोणी द्यायची हे ठरवणारा एक अधिकारी आपल्या देशात १९२४ पासून आहे. कायदा त्याला आयुक्त म्हणत आला. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच हे काम पाहतात. काही जिल्ह्यांत दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांच्याकडे ते असते. या आयुक्ताचा अधिकार किती, तो कुठे संपतो आणि त्यातला सर्वांत मोलाचा भाग वापराविना का राहतो, याविषयी मी बोलणार आहे.

नागपुरात या विषयाची सुरुवात कायद्याच्याही आधी झाली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. १८८६ मध्ये तिथे कामगारांसाठी पेन्शन फंड आला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई देण्याची व्यवस्था झाली. त्या वेळी इंग्लंडमध्येही असा सर्वसाधारण कायदा नव्हता. तो १८९७ चा. नागपूरकर म्हणून मला याचा अभिमान आहे. पण ती भरपाई मालक चांगला होता म्हणून मिळत होती. मालक तसा नसेल, तर त्याच्या कामगाराला दिवाणी कोर्टात जाऊन मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. तिथे मालकाच्या बाजूने तीन उत्तरे तयार असत: धोका माहीत असूनच तू काम पत्करलेस, चूक तुझ्याच सोबत्याची होती, नाहीतर चूक तुझी स्वतःची होती. ज्याचा पंजा यंत्रात गेला आहे, त्याने यांतले काय काय खोडून काढायचे?

१९२३ च्या भरपाई कायद्याने हा प्रश्न मुळातून बदलला. १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. ना. म. जोशी त्या काळात मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडत होते. या कायद्यात एक देवघेव आहे. कामगाराने मालकाची चूक सिद्ध करायची गरज नाही. अपघात कामामुळे आणि कामाच्या दरम्यान झाला एवढे पुरे. त्याच्या बदल्यात रक्कम ठरलेल्या सूत्राने मिळेल, वेदनेचे आणि दुःखाचे वेगळे पैसे नाहीत. आणि हे सगळे ठरवायला दिवाणी कोर्ट नाही, वेगळा अधिकारी असेल. आयुक्ताने जे ठरवायचे ते दिवाणी कोर्टाने ठरवायचे नाही, असे कलम १९ स्पष्ट सांगते. कामगाराने मोठ्या रकमेची आशा सोडली, ती लवकर आणि सोप्या रीतीने पैसे मिळावेत म्हणून. हे लवकर आणि सोपे झाले नाही, तर कामगाराने आपली बाजू देऊन टाकली आणि हाती काही आले नाही, असा त्याचा अर्थ होतो. आयुक्ताच्या अधिकाराकडे मी याच नजरेने पाहतो.

हा अधिकार दिसतो तो वस्तुस्थिती ठरवण्यात. बाहेरच्या माणसाला वाटते की सूत्र ठरलेले आहे, मग न्यायाधीशाने फक्त गुणाकार करायचा. नेहमीचा दावा कसा असतो ते पाहू. बांधकामावर सेंट्रिंग कोसळून तीस वर्षांचा कामगार जातो. मृत्यू असेल तर मासिक वेतनाच्या ५० टक्क्यांना वयाच्या गुणकाने गुणायचे. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. वेतनाची कमाल मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये. बायको म्हणते, महिन्याला १५,००० मिळायचे. ठेकेदार म्हणतो, ९,०००. पहिले खरे धरले तर भरपाई १५,५९,८५० रुपये. दुसरे खरे धरले तर ९,३५,९१०. सव्वासहा लाखांचा हा फरक कशावर ठरतो? हजेरीपत्रकावर, आणि ते ठेकेदाराच्या ताब्यात असते. मजुरी रोख दिलेली, पावती नाही, मुकादम साक्षीला येत नाही. वयाचेही तसेच. छिंदवाडा किंवा बालाघाटकडून आलेल्या मजुराच्या आधार कार्डावर जन्मतारीख म्हणून पुष्कळदा १ जानेवारी असते, वर्ष अंदाजे. तीसऐवजी चाळीस वय धरले तर गुणक १८४.१७ होतो आणि १५,००० च्या वेतनावरही पावणेदोन लाखांहून अधिक कमी होतात.

आयुक्ताला साक्षीदार बोलावण्याचे, शपथेवर जबाब घेण्याचे आणि कागद हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. रजिस्टर ज्याच्या कपाटात आहे त्याने ते आणले नाही, तर ते त्याच्या विरोधात जाणारे आहे असे मानता येते. जो आयुक्त पहिल्याच तारखेला मालकाला हजेरीपत्रक, वेतनपत्रक आणि विम्याची पॉलिसी हजर करायचा आदेश देतो, त्याच्यासमोरचा दावा आणि ‘अर्जदाराने सिद्ध करावे’ एवढेच लिहून पुढची तारीख देणाऱ्याच्या समोरचा दावा, हे एकाच कायद्याखालचे दोन वेगळे दावे होतात. कामगार ठेकेदाराचा असला तरी ज्याचे काम चालू होते तो मुख्य मालक कलम १२ खाली जबाबदार असतो. ठेकेदार पळाला म्हणून वारसांनी हात हलवत परत जायचे, असे कायदा म्हणत नाही. पण मुख्य मालकाला गैरअर्जदार केलेच नसेल, तर ते लक्षात आणून द्यायचे काम आयुक्ताचे आहे, असे मी मानतो.

अपंगत्वाच्या बाबतीत ठरवण्याचा हा अधिकार आणखी खोल जातो. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अवयवांचा हिशेब आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४० टक्के. हा हिशेब शरीराचा आहे. माणूस त्या शरीराने काय काम करून पोट भरत होता, ते परिशिष्टाला माहीत नसते. १९७६ च्या रिपोर्टांत छापलेला सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींचा एक निकाल आम्ही वकील आजही रोज वापरतो. ओरिसात एका सिनेमागृहाच्या सजावटीचे काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. परिशिष्टाच्या टक्क्यांवर मालक अडून बसला. आयुक्ताने म्हटले, एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा या माणसाची कमावण्याची शक्ती पूर्ण गेली. भरपाई शंभर टक्क्यांची. सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. त्याच निकालाने दुसरी गोष्टही पक्की केली: भरपाई देणे लागते ते अपघाताच्या दिवसापासून, आयुक्ताने निकाल दिल्यापासून नव्हे. म्हणून महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि टाळाटाळीला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. दंड मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचा, विमा कंपनीने नाही, हेही १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आहे.

या सुताराच्या दाव्यात आयुक्ताने डॉक्टरच्या पुढे एक पाऊल टाकले, त्याचे मला फार मोल वाटते. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयातून मिळणाऱ्या दाखल्यावर अपंगत्वाची टक्केवारी असते. अनेक निकालांत तोच आकडा उचलून कमाईच्या नुकसानीचा आकडा म्हणून लिहिला जातो. ट्रकच्या चालकाचा गुडघा कायमचा आखडला तर दाखल्यावर २५ टक्के येईल. पण वाडीच्या ट्रान्सपोर्टमध्ये त्याच्या हाती पुन्हा कोण गाडी देईल? तो प्रश्न न्यायाधीशाने विचारायचा असतो, आणि उत्तर पुराव्यातून घ्यायचे असते. चालकांच्या बाबतीत एवढे जाता जाता सांगतो, की मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा आयुक्त, यांपैकी एकच दार निवडता येते. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्यांचे तर दारच वेगळे. ही योजना नागपुरात १९५४ मध्ये आली आणि तिच्या कक्षेतल्या कामगाराला आयुक्ताकडे येता येत नाही.

आता ‘कामामुळे’ या शब्दाकडे वळतो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका पहारेकऱ्याला हृदयविकार होता. कामावर असताना छातीत दुखू लागले आणि तो गेला. आजार तर आधीचाच, मग अपघात कुठला? १९५० च्या दशकात मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी सांगितले की कामाच्या ताणाने मृत्यूला हातभार लागला असेल किंवा तो लवकर आला असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तेवढे पुरे. पुढे सर्वोच्च न्यायालयाने दुसरी बाजू दाखवली: कामावर असताना हृदयविकाराने मृत्यू आला एवढ्याने भागत नाही, ताण होता हे पुराव्यात दिसले पाहिजे. दोन्ही निकाल एकत्र वाचले की सगळा भार आयुक्तासमोरच्या पुराव्यावर येतो. पहारेकऱ्याची पाळी किती तासांची होती, आदल्या रात्री जागरण होते का, मे महिन्यात भट्टीपुढे उभे राहायचे होते का, हे तिथे विचारले गेले नाही, तर पुढे कोणतेही न्यायालय ते विचारू शकत नाही.

मराठवाड्यातला एक दावा मला तपशिलाने सांगायचा आहे. साखर कारखान्याचा एक पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. मागे पत्नी, चार मुले आणि आई. उस्मानाबादच्या दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांनी आयुक्त म्हणून ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केले. विमा कंपनी अपिलात गेली. घरून कामाला जाताना झालेला अपघात कामाच्या दरम्यानचा नव्हे, म्हणून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०११ मध्ये तो निकाल रद्द केला. जुलै २०२५ मध्ये न्यायमूर्ती मनोज मिश्रा आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांनी आयुक्ताचा निकाल पुन्हा उभा केला. कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० साली आलेली, घर ते कामाच्या जागेपर्यंतचा प्रवास धरणारी तरतूद ही खुलासा करणारी आहे, म्हणून ती मागच्या घटनेलाही लागू, आणि तोच अर्थ भरपाईच्या कायद्यातही घ्यायचा, असे त्यांनी म्हटले. प्रवासाचा विचार न्यायालयांना नवा नव्हता. मुंबईच्या बेस्टचा एक चालक पाळी संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी जात असताना अपघातात गेला होता; १९६३ मध्ये त्याच्या पत्नीच्या बाजूने निकाल देताना कामाची कक्षा आगाराच्या फाटकाबाहेरही पोचते, असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले होते.

मृत्यू २००३ चा आणि शेवटचा शब्द २०२५ चा. कायद्याच्या मूळ देवघेवीत कामगाराला जे लवकर मिळायचे होते, त्याला बावीस वर्षे लागली. आणि शेवटी टिकला तो जिल्ह्याच्या गावात बसलेल्या न्यायाधीशाचा निकाल.

इथे अपिलाचा मुद्दा येतो. कलम ३० खाली उच्च न्यायालयात अपील होते ते कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. मालकाला अपील करायचे तर भरपाईची रक्कम आधी जमा करावी लागते. २०१६ मध्ये कर्नाटकातल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की वस्तुस्थितीच्या बाबतीत आयुक्त हाच अखेरचा अधिकारी. पुरावा नव्याने तोलण्याचे काम उच्च न्यायालयाचे नाही. अमेरिकेतही हाच प्रश्न १९३२ मध्ये क्रॉवेल विरुद्ध बेन्सन या दाव्यात उभा राहिला होता. तिथे गोदी कामगारांच्या भरपाईचा निर्णय न्यायाधीश नसलेला एक उपआयुक्त देत असे. वस्तुस्थिती ठरवण्याचे काम अशा अधिकाऱ्याकडे सोपवता येते, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. मात्र ज्या मुद्द्यांवर त्याचा अधिकारच अवलंबून असतो, ते न्यायालयाच्या हाती ठेवले.

शेवटचा शब्द ज्याचा, त्याने तो नीट लिहिलाही पाहिजे. वेतन इतके का धरले, वय कशावरून धरले, कोणता साक्षीदार विश्वासाचा वाटला आणि का, हे निकालात नसेल तर उच्च न्यायालय प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवते. मग मृत कामगाराची पत्नी पुन्हा त्याच बाकावर येऊन बसते. कामाचा बोजा मी जाणतो. एकाच न्यायाधीशाकडे बडतर्फीची प्रकरणे असतात, वसुलीचे अर्ज असतात, अनुचित प्रथांच्या तक्रारी असतात आणि त्यातच भरपाईचे दावे. २००९ च्या दुरुस्तीने तीन महिन्यांची मुदत घातली, पण त्यासाठी वेगळी माणसे दिली नाहीत. हे सरकारचे देणे आहे आणि ते मागितले पाहिजे.

आता मी त्या भागाकडे येतो ज्यासाठी आज उभा राहिलो. आयुक्ताची खुर्ची न्यायनिवाड्याची आहेच, शिवाय ती पालकत्वाचीही आहे. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने पैसे परस्पर वारसांच्या हातात द्यायचे नाहीत, आयुक्ताकडे जमा करायचे. वाटप आयुक्त करतो आणि अज्ञान मुलांचा वाटा सुरक्षित गुंतवतो. ही रक्कम कोणी सावकार जप्त करू शकत नाही. तडजोडीची रक्कम अपुरी असेल, किंवा दबावाने, फसवून करार करून घेतला असेल, तर आयुक्त त्याची नोंदणी नाकारू शकतो. दवाखान्यातल्या खाटेवर अंगठा उठवून घेतलेल्या कागदाने कामगाराचा हक्क संपत नाही. जमा केलेली रक्कम कमी वाटली तर आणखी का भरू नये, असे तो मालकाला स्वतःहून विचारू शकतो.

आणि कलम १०अ. १९३३ मध्ये, कामगारविषयक रॉयल कमिशनच्या अहवालानंतर हे कलम आले. कामगार कामावर असताना अपघातात मेला अशी माहिती आयुक्ताला कुठूनही मिळाली, तर तो मालकाला नोटीस पाठवू शकतो: तीस दिवसांत सांगा, मृत्यू कसा झाला, आणि भरपाई देणे लागते असे तुम्ही मानता की नाही. मानत असाल तर पैसे भरा. नसाल मानत, तर आयुक्त वारसांना कळवू शकतो की तुम्हाला दावा करता येतो. ‘कुठूनही’ हा शब्द कायद्यातलाच आहे. वारसांचा अर्ज हवा, वकील हवा, अशी अट नाही. वर्तमानपत्राची बातमीही पुरे.

१७ डिसेंबर २०२३ रोजी आपल्या बाजारगावजवळच्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट होऊन ९ कामगार गेले, त्यांत ६ स्त्रिया. जून २०२४ मध्ये धामण्याजवळच्या कारखान्यात पुन्हा तेच. अशा मोठ्या घटनांत मंत्री येतात, मदत जाहीर होते, छायाचित्रे छापली जातात. त्या मदतीने कायद्याची भरपाई भागत नाही. ती मालकाने आयुक्ताकडे भरायची वेगळी रक्कम आहे. पण मला जास्त काळजी वाटते ती एकेकट्या मरणाची. बुटीबोरीत क्रेनखाली सापडलेला हेल्पर, कळमन्यात पोत्यांची थप्पी अंगावर आलेला हमाल, कोणत्याशा गल्लीतल्या गटारात उतरलेला सफाई कामगार. त्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींची असते. गाव दूर असते, प्रेत घेऊन कुटुंब निघून जाते आणि दोन वर्षांची दाव्याची मुदत कोणाला ठाऊकही नसते. उशीर माफ करता येतो, पण माफी मागायला तरी कोणी यावे लागते. हे कलम नेमके न येणाऱ्यांसाठी लिहिले आहे, आणि ते जितके वापरले जायला हवे, त्याच्या जवळपासही वापरले जात नाही.

कारण काय असावे? माझा विचार असा आहे. न्यायाधीशाचे शिक्षणच समोर आलेल्यावर निर्णय देण्याचे असते. स्वतःहून विचारायला गेलो तर आपण एका बाजूचे झालो असे त्याला वाटते. तो संकोच मी कमी लेखत नाही. निःपक्षपातीपणाची चाड असल्याशिवाय तो येत नाही. कामगार खात्याच्या अधिकाऱ्याला असा संकोच नसतो, तो फोन उचलून विचारू शकतो. पण त्याच्या बदलीची ऑर्डर ज्याच्या टेबलावर निघते, तिथे मोठ्या मालकाचाही शब्द पोचतो. एकाला स्वातंत्र्य आहे आणि पुढाकार नाही. दुसऱ्याला पुढाकार आहे आणि स्वातंत्र्य नाही. या कायद्याला दोन्ही एकाच माणसात हवे आहेत. १०अ ची नोटीस पाठवणे म्हणजे बाजू घेणे नव्हे. तिच्यात निर्णय नाही, प्रश्न आहे.

हे आत्ताच बोलायला हवे, कारण खुर्ची बदलते आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. भरपाईचा जुना कायदा, ज्याची कलमे मी आत्तापर्यंत सांगितली, सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आणि आयुक्ताच्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ आला. जुनी चौकट बव्हंशी टिकली आहे. मृत्यूची माहिती मिळताच मालकाकडे विचारणा करण्याची तरतूदही आहे. नेमणूक न्यायिक सेवेतल्या, वकिलीतल्या किंवा राजपत्रित अधिकारी असलेल्या, पाच वर्षांच्या अनुभवाच्या व्यक्तीची करता येते. २००९ पासून जुन्या कायद्यातही हेच होते, पण महाराष्ट्रात कामगार न्यायालय असल्याने न्यायाधीशच या जागी येत राहिले. आता औद्योगिक संबंध संहितेने कामगार न्यायालयाच्या जागी दोन सदस्यांचे न्यायाधिकरण आणले आहे, एक न्यायिक आणि एक प्रशासकीय. मग भरपाईचे दावे कोणापुढे चालवायचे हे राज्य सरकारच्या एका अधिसूचनेवर ठरेल. वस्तुस्थितीवर ज्याचा शब्द अखेरचा, तो न्यायिक सेवेतलाच असावा, ही मागणी वकील संघाने आणि युनियनांनी एकत्र केली पाहिजे. अधिसूचना निघाल्यावर निवेदने देऊन उपयोग होत नाही.

पुढाकाराची कमतरता मात्र आपण भरून काढू शकतो, त्यासाठी कोणत्या अधिसूचनेची वाट पाहायला नको. इथे बसलेल्या प्रत्येक युनियनच्या कार्यकर्त्याला माझी विनंती आहे. कामावरच्या मृत्यूची बातमी दिसली की ती कापा. सोबत एका पानाचा अर्ज जोडा: मृताचे नाव, गाव, कामाची जागा, ठेकेदार कोण, मुख्य मालक कोण, अपघाताची तारीख, पोलीस ठाणे. कायद्याप्रमाणे मालकाला विचारणा करावी, एवढीच मागणी लिहा, आणि तो रजिस्टर पोस्टाने पाठवून पोचपावती जपून ठेवा. अर्जाची एक प्रत मृताच्या गावच्या ग्रामपंचायतीकडे पाठवा, दाव्याची दोन वर्षांची मुदत कधी संपते ती तारीख तिच्यावर ठळक लिहून. दावा वारस जिथे राहतात तिथेही लावता येतो, हे त्याच पानावर सांगा. १९९५ पासून कायद्याने तशी सोय केली आहे, आणि गोंदियाच्या किंवा बालाघाटच्या बाईला प्रत्येक तारखेला नागपूर गाठण्याची गरज उरत नाही.